हिरव्या ठिपक्यांची रांगोळी

बायको वारल्यापासून माझ्या भालचंद्राला ताळतंत्र राहिलेलं नाही. रविवारीसुद्धा एस्प्लनेडच्या कचेरीत त्या जुनाट गणकयंत्रापुढे बसतो आणि मी घरी ताट वाढून वाट बघते. काल भरदुपारी मीच गेले त्याला आणायला.

यंत्र कपाटाएवढं, पण अंगात दम नाही. म्हणून त्याला भालचंद्राने बशीएवढीच गोल काच जोडलीय. तिच्यावर हिरवे ठिपके उमटतात.

"रेषा काढायची याची ताकद नाही, आई. नुसते ठिपके देतं."

"आणि नुसते ठिपके बघायला आईला उपाशी ठेवतोस?"

काच ठिपक्यांनी भरली, सरळ ओळींत, रांगोळीसारखी. मग डावीकडच्या खालच्या ठिपक्यातून एक रेषा निघाली. एकेक ठिपका जोडत सावकाश वर गेली आणि कोपऱ्यातला तेवढा सोडून पुढे वळली.

माझी सून लीला रांगोळी काढताना अशीच डावीकडून सुरुवात करायची आणि तोच ठिपका विसरायची. सात वर्षं मी तिला त्यावरून बोलले.

"हे तू शिकवलंस याला?"

"नाही," तो म्हणाला. त्याची नजर काचेवरून हलेना.

नीट दिसावं म्हणून मी त्याच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिले. रेषा होती तिथेच थांबली. मी मागे येऊन उभी राहिले की लीलाचा हातही असाच थांबायचा.

"भालचंद्रा, ऊठ, घरी चल," मी म्हणाले. "मी आल्याचं तिला कळलंय."