गव्याच्या नाण्याचा चाकू

उघडा

व्हर्लिन डॅडींच्या चाकूने सफरचंद कापत होता.

डेल्मरने आधी चाकू ओळखला, मग भाऊ. हाडाची पिवळी मूठ. मुठीत बसवलेलं जुनं पाच सेंटचं नाणं, त्यावर गवा. गव्याचं वशिंड डॅडींच्या अंगठ्याने घासून सपाट केलेलं. साऱ्या टेनेसीत दुसरा असा गवा नसेल.

चाकूवाल्यांचा बाजार जत्रेच्या मैदानावरच्या गुरांच्या गोठ्यात भरला होता. डेल्मरच्या टेबलावर त्याची काचेची पेटी होती. आत हिरव्या बनातीवर त्याचे चाकू: कुणाच्या मुठीत पिसांचा टोप घातलेल्या माणसाचा सेंट, कुणाच्या मुठीत चांदीचा अर्धा डॉलर. एकानेही कधी सुतळी कापली नव्हती. मधोमध बनातीत चाकूच्या आकाराची एक रिकामी खाच होती आणि खाचेत एक काळा, खरबरीत सेंट.

तीन वर्षांपूर्वी हॉस्पिटलात डॅडी वारले तेव्हा कपाटातल्या त्यांच्या पँटचा छोटा खिसा डेल्मरने चाचपला. चाकू नव्हता. हा सेंट होता. व्हर्लिन छपरांना डांबर लावायचा, त्याची नखं बारा महिने काळी. सेंटवरचं काळं त्यातलंच. डेल्मरला तेवढं पुरलं. पेटीशी थांबेल त्याला तो सांगायचा, "चोर अपशकुनाला भ्यायला, बघा. सेंट ठेवून गेला." नाव घ्यायचा नाही. घ्यावं लागायचं नाही.

शेजारच्या टेबलावर मिस ऑपल, नातवंडं झाली तरी सगळ्यांची मिसच, नव्या नातसुनेला एक छोटा चाकू देत होती.

"आधी सेंट काढ."

"भेट म्हणालात ना, आजी?"

"भेटच आहे. पण चाकू फुकट घेतलास तर तो तुझं-माझं नातं कापतो. काढ गुमान."

पोरीने हसत पर्स उघडली.

डेल्मर टेबलामागून बाहेर आला.

अर्धा

"कुणाचा चाकू रे तो?"

"ओळखत नसल्यासारखं काय विचारतोस?" व्हर्लिनने फोड तोंडात टाकली.

"मी ओळखतो. तू काय सांगतोस ते ऐकायचंय."

"डॅडींनी दिला."

"वा! नेमका मी खोलीत नसताना."

"तू कॉफी आणायला गेला होतास."

"तेच म्हणतोय मी."

मिस ऑपलचं शेंगदाणे चावणं थांबलं. "ए पोरांनो, माझ्या टेबलाला धक्का लावायचा नाही हं. काय ती कापाकापी तिकडे करा."

"तीन वर्षं कुठे होता मग चाकू?" डेल्मरने विचारलं.

"खिशात. तू तीन वर्षं माझ्या दारात आलास कुठे?"

"मला का नाही दिला त्यांनी?"

व्हर्लिनने सफरचंदाची आणखी एक फोड कापली.

"म्हणाले, डेल्मर काचेत ठेवील. तू काप."

हे डॅडींचंच बोलणं होतं. अगदी तेच तोडून टाकणं. पण डॅडींची नक्कल लहानपणापासून व्हर्लिनच चांगली करायचा.

"मग सेंट मागितला," व्हर्लिन पुढे म्हणाला. "माझ्याकडे दमडी नव्हती. त्या वर्षी नव्हतीच. तुझा ट्रक खाली उभा होता, तू दाराला कुलूप लावत नाहीस. अ‍ॅशट्रेतला उचलला. ते म्हणाले, चाकू जिथे होता तिथे ठेव."

"म्हणजे चोरी कबूल."

"एका सेंटची. बोलाव शेरीफला."

मागे कुणीतरी खिदळलं. डेल्मरचे कान तापले.

"बघायचाय? घे." व्हर्लिनने चाकू मुठीकडून पुढे केला, उघडाच.

डेल्मरने घेतला. पात्यावर सफरचंदाचा रस. धार लावून लावून पातं निम्मं झिजलेलं. किंमत घालवली गाढवाने, असं त्याच्या मनात आलं, आणि तेवढ्यात अंगठा आपसूक वशिंडावर जाऊन बसला. तो त्याने घाईने उचलला.

उघडा मिळालेला चाकू उघडाच परत करायचा, हे दोघांना एकाच माणसाने शिकवलं होतं. त्याने तसाच परत केला.

"बरी रचलीस गोष्ट," तो म्हणाला.

"ट्रक तोच आहे ना अजून?" व्हर्लिनने विचारलं आणि चाकू

मिटलेला

खिशात टाकला.

डेल्मरने पेटी उघडली. खाचेतला सेंट घेतला. मिस ऑपलला "जरा लक्ष ठेव" म्हणाला आणि मैदानापलीकडे ट्रककडे चालत गेला. चालताना त्याला वाटत होतं, आता सापडला बेटा. मी बघायला जाणार नाही, यावरच त्याची सगळी भिस्त होती.

दाराला कुलूप नव्हतंच.

सिगारेट सोडल्यापासून अ‍ॅशट्रेत तो सुटे टाकायचा. तळाला जुनी राख होती. तिच्यावर कधीतरी कॉफी सांडलेली, वाळून खपली धरलेली. त्याने खपलीतला एक सेंट नखाने उकरून काढला. सेंटवरच्या लिंकनच्या दाढीत काळं. दुसरा काढला. दाढीत काळं. तिसरा निघताना त्याचं नख मोडलं.

हे बघूनच व्हर्लिनने गोष्ट बेतली असेल. असेल की. दार तर कुणीही उघडू शकतं.

त्याने आपला सेंट नाकाशी धरला. इतकी वर्षं लोकांना दाखवला होता, पण वास कधी घेतला नव्हता. डांबराचा वास येईना. त्याने पुन्हा घेतला. जळकट, गोडसर, शिळी कॉफी.

गोठ्याकडून हसण्याचा आवाज आला. तो दचकला. सेंट बोटांतून सुटून अ‍ॅशट्रेत पडला.

त्याने घाईघाईने बोट फिरवलं. एक उचलून उजेडात धरला, ठेवला. दुसरा उचलला. सगळे सारखेच काळे होते, आणि त्यातला तो कुठला, ते त्याला ओळखू येईना.