एक घोटही नाही

विक्रोळीच्या पुलाखाली, चौतिसाव्या किलोमीटरला, प्रांजल भडाभडा ओकली आणि रस्त्यातच बसली. मॅरेथॉनमध्ये लेकीचे पाण्यावाचून हाल नकोत म्हणून पहाटेपासून स्कूटरवरून तिच्या मागे असलेले धोंडू सावंत बाटली घेऊन धावले. प्रांजल त्यांनाच विचारू लागली, "काका, माझे बाबा कुठे गेले हो?"

धोंडूंनी घाईघाईने झाकण काढलं. त्यांनी बाटली तिच्या ओठांना लावली, तोच मदतकेंद्रावरच्या नर्सने, माधुरीने, ती हिसकावून घेतली.

"एक घोटही नाही!"

"अगं, पोर तहानेनं मरतेय माझी!"

जमलेली माणसंही माधुरीवर ओरडू लागली. ती मात्र प्रांजलची सुजलेली बोटं दाबून बघत होती.

"काका, सकाळपासून किती पाजलंत?"

"अर्ध्या लिटरच्या चौदा बाटल्या," धोंडू तावातावाने म्हणाले. "घसा एकदा सुकू दिला नाही तिचा!"

"तेच भोवलंय. रक्तातलं मीठ पार पातळ झालंय, मेंदूला सूज येईल," म्हणत माधुरीने अँब्युलन्स बोलावली आणि स्वतःही आत चढली.

हॉस्पिटलमध्ये मिठाचं सलाइन लागलं. दुपारी प्रांजलने वडलांना ओळखलं, त्यांचा हात घट्ट धरला.

"बाबा, तुम्ही होतात म्हणून वाचले ना?"

नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी चाललं असतं. धोंडूंनी दारात उभ्या माधुरीकडे बोट केलं.

"नाय गो बाय. हिनं वाचवलं तुला."

"कशापासून?"

"माझ्यापासून."