मी होतो, सर

“चपला बाहेर, मोबाइल बंद, आणि गेलेल्या माणसाशी बोलताना ‘आपण’,” सर म्हणाले. “आवाज झाला तर ज्याचा त्यानं लगेच सांगायचं, ‘मी होतो, सर.’ नाहीतर उद्या कुणाचं पोट गुरगुरेल आणि लोक त्याला भूत म्हणतील.”

मृतात्म्यांचा शोध घेणाऱ्या त्यांच्या हौशी पथकातल्या तिघांनी माना डोलावल्या. नियम चांगलाच होता. फक्त मागच्या खेपेला शिंप्यानं आपली शिंक प्रामाणिकपणे कबूल केली, तेव्हा सरांनी सगळ्यांदेखत त्याची सालटी काढली आणि पुढे महिनाभर त्याला ‘पिशाच्च’ म्हणूनच हाक मारली. तेव्हापासून पथकात कोणी शिंकलं नव्हतं.

भर दुपारी पडदे ओढून खोलीत अंधार केला होता. लोखंडी पलंग, अभ्यासाचं टेबल, खुंटीला शर्ट. या खोलीतला मुलगा गेल्या वर्षी भांडून मोटारसायकलवर बसला, तो परत आला नाही.

“त्याची आत्या गावभर सांगते, माझ्यामुळे गेला,” घरच्या बाई म्हणाल्या. “त्याचा माझ्यावर राग होता का, एवढंच मला हवंय.”

“तुम्हाला काय म्हणायचा?” सरांनी विचारलं.

बाईंनी उशी सरळ केली. “आई. दुसरं काय म्हणणार?”

सरांनी रेकॉर्डर सुरू केला. “आपल्याला आपल्या आईशी काही बोलायचं आहे का?”

कोणी हललं नाही. उभं राहून पथकातल्या कंपाउंडरच्या पायाला मुंग्या आल्या होत्या. त्यानं पाय उचलला आणि करंगळी पलंगावर आपटली. “आई—” एवढं निसटलं. ‘गं’ त्यानं दातांखाली दाबला.

“कोण होतं?” सरांनी विचारलं.

कंपाउंडरनं तोंड उघडलं. शेजारच्या शिंप्यानं अंधारात हलकेच त्याचा दंड दाबला. कंपाउंडरनं तोंड मिटलं.

टेप लावली. बारीक, दुखरा आवाज आला, ‘आई’. बाई पलंगावर बसल्या आणि रडू लागल्या. सरांनी रेकॉर्डरसमोर हात जोडले.

“राग नाही हो त्याचा,” शिंपी म्हणाला. “हाकेत माया आहे.”

पथकाचं त्यावर एकमत झालं. एवढं एकमत त्यांच्यात चहा कुठे प्यायचा यावरही कधी झालं नव्हतं.

सरांनी ती टेप बाईंकडेच ठेवली. कंपाउंडरला मात्र पुढे दोन दिवस घास गोड लागेना. सरांच्या टोमण्यांना भिऊन आपण एका आईला फसवलं, याची त्याला मनापासून लाज वाटत होती. शेवटी तो एकटाच बाईंच्या दारात जाऊन उभा राहिला.

“ताई, तो आवाज माझा होता. पायाला लागलं होतं. माफ करा.”

बाईंना धक्का बसला नाही. त्यांनी त्याला खुर्ची दिली. “माहीत आहे. मी तुमच्या मागेच उभी होते.”

“मग बोलला का नाहीत?”

“ती टेप मी त्याच्या आत्याला ऐकवली. वर्षभरात पहिल्यांदा त्या गप्प बसल्या. सरांना यातलं काही सांगू नका.”

“पण ताई, त्याची खरी हाक तुमच्या कानात असेल ना? माझा खोटा आवाज कशाला जपायचा?”

“मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तो आठ वर्षांचा होता,” बाई म्हणाल्या. “भूक लागली की ‘अहो’ म्हणायचा. एरवी तेही नाही. या घरात मला ‘आई’ अशी हाक मारणारे तुम्ही पहिलेच.”