चौकटीची जागा

अंथरुणाला खिळलेल्या मालूबाईंच्या उशाशी बटण होतं. दाबलं की पलीकडच्या खोलीत घरून नोकरी करणाऱ्या ललितच्या स्क्रीनवर मधोमध चौकट उघडायची: ‘आई बोलावतेय.’ एकदा मीटिंगमध्ये स्क्रीन शेअर करताना ती चौकट इंदूरच्या साहेबांना दिसली. “बुरहानपुरवाले, मम्मी बुला रही है!” ललितला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं चौकट उघडणाऱ्या स्क्रिप्टमधले जागेचे दोन आकडे बदलून ती टेबलावरच्या दुसऱ्या स्क्रीनच्या कोपऱ्यात ढकलली. सोमवारी तो स्क्रीन दुरुस्तीला गेला. आकडे तसेच राहिले. कानांवर हेडफोन चढवून ललित दुपारभर बसला. जिथं स्क्रीनच नव्हता, तिथं चौकट उघडत राहिली. पाणी प्यायला उठला, तेव्हा वास आला. आई ओल्या गादीवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. “किती बार दाबलं रे बेटा. बटण खराब झालं का?” “सेल संपला असेल,” म्हणत त्यानं तिच्यादेखत चांगला सेल काढून नवा घातला.