एका माणसाचं विमान

माँटानातल्या आमच्या गावात माणसं मूठभर आणि गाई ढीगभर, तरी केंद्र सरकारच्या खर्चाने रोज एक छोटं विमान येतं. आज त्यातून निघालेला हॅल्वर ब्रेकी एकटाच होता.

"बस कुठेही, सगळ्या खिडक्या तुझ्याच," वैमानिक म्हणाला.

हॅल्वरचं डोकंच फिरलं. "एका माणसासाठी अख्खं विमान? आयजीच्या जिवावर बायजी उदार! हेच सांगायला तर वॉशिंग्टनला चाललोय. ही उधळपट्टी बंद झालीच पाहिजे."

वॉशिंग्टनच्या सभेत त्याने टेबल बडवून असं भाषण ठोकलं, की लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. गेल्या वर्षीही त्याने असंच एक गाजवलं होतं.

छाती फुगवून परतताना तो विमान बदलायला बिलिंग्जला उतरला. काउंटरवरची बाई गोड हसली. "तुमच्या गावचं विमान आजपासून बंद झालं. भाषण ऐकलं हं तुमचं. फार छान बोललात!"

बाहेर थंडी मी म्हणत होती. हॅल्वरने बायकोला फोन लावला. "आयडेला, पिकअप घेऊन ये मला न्यायला."

"कशी येऊ? रस्त्यावर कंबरेएवढा बर्फ आहे."

"मग गावचं बर्फ काढायचं मशीन काय झोपा काढतंय?"



"अरे, ते तुझ्या गेल्या वर्षीच्या भाषणात गेलं ना!"