गिळलेलं कलम

"वैनी, एवढं जरा बघून द्या. इन्शुरन्सचं आहे, म्हणून म्हटलं तुमच्याशिवाय कुणाला कळणार?"

मालविकानं पर्समधून कागद काढले आणि थोरल्या जावेच्या हातात ठेवले. सप्ताहाचा शेवटचा दिवस होता. काल्याच्या कीर्तनाला मांडव भरत आला होता, मृदंगाला कणीक लावणं चाललं होतं, बुवा अजून चहा घेत होते.

विनीतानं चष्मा लावला. लातुरातल्या विमा कचेरीत क्लेमच्या टेबलावर तिची वीस वर्षं गेली होती. हे कागद मात्र न्यूझीलंडचे होते. धाकटा दीर यज्ञेश आणि मालविका तिकडं बारा दिवस भाड्याच्या गाडीनं हिंडणार होते.

"ड्रायव्हर कुठला घेणार मग?"

"ड्रायव्हर कशाला? मीच चालवणार की! समुद्राच्या कडंकडंनं रस्ता आहे म्हणे. ह्यांचं कंबरडं तर दिवसभर फळ्यापुढं उभं राहून गेलंय कामातून. हे आपले शेजारी बसून मला गाणी लावून देणार."

गाणी लावून देणार! विनीताच्या नवऱ्यानं, रेणुकादासरावांनी, बावीस वर्षांत तिला पाण्याचा तांब्या उचलून दिला नव्हता. आणि यज्ञेशच्या क्लासची पहिली बॅच बसली होती ती विनीताच्याच बैठकीत. पोरांच्या चपला दारातून सरकवल्या तिनं, खडूची भुकटी झाडली तिनं. आता चौकाचौकात यज्ञेशचे बोर्ड, आणि स्टेअरिंगवर मालविका. विनीताची सगळ्यात लांबची मजल म्हणजे तिरुपती. तेही जीपमधे, मधल्या सीटवर, मांडीवर दुसऱ्याचं पोर घेऊन.

कागद मात्र ती मन लावून वाचत होती. हाताला लागलेली सवय.

"हे बघ, गाडी ठोकली तर पहिला वाटा आपला, त्याच्या वरचं कंपनी देणार. जादा पैसे भरून हे दुसरं घेतलंस तर तो पहिला वाटाही माफ. पण काच, टायर अन् गाडीची खालची बाजू यात बसत नाही. आणि कच्च्या रस्त्यावर घातलीस, तर काहीच नाही."

"अगंबाई! मला वाटलं, फुल म्हणजे फुल."

"फुल कुणाचंच नसतं, बाई."

शेवटच्या पानावर तिचं बोट थांबलं. ज्याचं नाव करारात आहे त्यानंच गाडी चालवायची. दुसऱ्यानं चालवली, तर सगळं संरक्षण रद्द. वर नावाच्या रकान्यात एकच नाव होतं, यज्ञेशचं.

विनीतानं कागदाची घडी घातली.

"झालं?"

"झालं."

"आता मला काही काळजी न्हाई. तुमची नजर फिरली म्हणजे देवाची फिरली."

नोकरीच्या पहिल्याच वर्षी भूकंप झाला, तेव्हा किल्लारीच्या पत्र्याच्या शेडात बसून विनीतानं माणसांना दिवसदिवस एकच वाक्य सांगितलं होतं, 'हे यात बसत नाही.' सांगताना जीभ जड व्हायची. आज ते न सांगताना तीच जीभ लई हलकी वाटली.

कीर्तन उभं राहिलं. बुवांचा गळा असा, की ऐकणाऱ्याची तहानभूक हरपावी. रानात गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या सोडल्या, कुणाची ताजी, कुणाची विटलेली, देवानं सगळ्या एकात कालवल्या. बाया डोळ्याला पदर लावत होत्या. एरवी पहिली टाळी विनीताची असायची. आज तिच्या कानावर काही पडतच नव्हतं. तिला समुद्राकडंचा रस्ता दिसत होता. वळण. काचांचा खच. मालविकाला खरचटलंसुद्धा नाही, नुसती रस्त्यात उभी, आणि समोरचा गोरा साहेब कागदावर बोट ठेवून विचारतोय, नाव कुठाय तुमचं?

विनीताला बरं वाटलं. अगदी पोटातून बरं वाटलं. मग, आपल्याला बरं वाटलं, ह्याचीच तिला भीती वाटली.

हंडी फुटली. गजर टिपेला गेला आणि मांडवात जो तो समोरच्याच्या पाया पडू लागला. सासू सुनेच्या, मास्तर विद्यार्थ्याच्या. ह्या दिवशी थोरलं-धाकटं बघायचं नसतं. मालविका वाकली, विनीताच्या पावलांना हात लावून उठली. आता पाळी विनीताची होती. गर्दीत मागं सरकायला जागा नव्हती.

ती वाकली. मालविकाच्या डाव्या पायात जोडवी होती, उजव्यात नव्हती. बोटावर नुसता पांढरा वळ.

"जोडवी गं?"

"ब्रेक दाबताना टोचतात," मालविका हसली. "सहा महिने झाले काढून. उठा की वैनी, लोक तुडवतील."

विनीता उठली नाही. तिथूनच बोलली, "मालविका, त्या कागदात तुझं नाव नाही. तू चालवलीस, तर इन्शुरन्स लागूच होत नाही. यज्ञेशला सांग, आजच्या आज दुसरा ड्रायव्हर म्हणून तुझं नाव घालायला."

"एवढंच ना? घालतील की." मालविकानं तिला दंडाला धरून उभं केलं. तेवढ्यात काल्याची बादली आली, वाढणाऱ्यानं मालविकाच्या तळहातावर दही-लाह्यांचा गोळा ठेवला. काला आपल्या हातानं खात नाहीत, शेजारच्याला भरवतात. घास विनीताच्या तोंडापर्यंत आणत तिनं सहज विचारलं, "मग मघाशीच का नाही सांगितलंत?"

"मघाशी मला सांगायचं नव्हतं."

मालविकाचा हात अधांतरी थांबला. बोटांमधून दह्याचं पाणी मनगटाकडं ओघळायला लागलं. भोवती गजर चालूच होता.

विनीता तोंड उघडं ठेवून उभी राहिली.