गिरणीची बोली

ज्या आवाजासाठी पुढे एडविन ऑर्मरॉडला ‘सर’ हा किताब मिळाला, तो आवाज त्या शनिवारी दुपारी मँचेस्टरच्या रंगमंचावर मध्येच थांबला. पुढचं वाक्य गेलं. साफ गेलं.

समोर लॉर्डच्या भूमिकेतला म्हातारा कर्शॉ चहाचा कप धरून थांबला होता. विंगेतून डोरा वाक्य पुरवत होती. एकदा, दोनदा. एडविनच्या कानात नुसतं रक्त धडधडत होतं. पाचव्या रांगेत पेंबर्टन बसले होते. लंडनचे चित्रपट दिग्दर्शक. नव्या चित्रपटासाठी त्याला पारखायला आलेले, तेही या एकाच खेळाला.

आणि पहिल्या रांगेत आई.

तीस वर्षं कापडगिरणीत माग चालवून तिचे कान गेले होते. त्या खडखडाटात बायका आवाजाने बोलतच नसत. ओठ मोठाले करून हलवायच्या, चार मागांपलीकडची बाई ते वाचायची. घरातही तीच बोली. एडविन बोलायला शिकला तो तिच्या ओठांवरून. नाट्यशाळेत पहिल्याच दिवशी पोरं हसली, “तोंड आहे की बोगदा?” तेव्हापासून त्याने ओठ आवरले. घरी तालीम करायचा तीही बेसिनवरच्या आरशासमोर, मागे इस्त्री करणाऱ्या आईकडे पाठ करून.

सकाळी त्याने तिला बजावलं होतं, “आई, आज मोठा माणूस येणार आहे. हसू नकोस, बोलू नकोस. तोंड मिटून बस.”

“मग बटाट्याचं पोतं नेऊन ठेव की माझ्या जागी,” ती म्हणाली होती, गल्लीभर ऐकू जाईल अशी.

कर्शॉने कप बशीत ठेवला. कुणीतरी खोकलं. आणखी दोन श्वास, की पेंबर्टनना कळणार होतं. एडविनची नजर खाली गेली.

रंगमंचाच्या उजेडात आईचं तोंड हलत होतं. दात, जीभ, गाल, सगळंच. आवाज मात्र कसलाच नाही.

लॉर्डसाहेब. मी. कुणाचा. मुलगा.

“लॉर्डसाहेब,” एडविन हळूच म्हणाला, “मी कुणाचा मुलगा, ते तुम्ही अजून विचारलंच नाहीत.”

खेळ संपल्यावर पेंबर्टननी त्याला मागच्या दाराशी गाठलं. “त्या वाक्याआधीची ती शांतता कुठून आणलीस रे? मंगळवारी लंडनला ये.” मग हसून म्हणाले, “आणि पुढे बसलेली ती बाई कोण? सारखी तोंड वेंगाडत होती.”

रस्त्यापलीकडे बसथांब्यावर आई उभी होती. पर्स छातीशी धरून, मुद्दाम लांब.

“आई माझी,” एडविन म्हणाला. आणि पेंबर्टनसमोरच त्याने तोंड उघडलं, लहानपणी उघडायचा तेवढं. आवाज न करता रस्त्यापलीकडे विचारलं, तुला ते वाक्य कसं ठाऊक?

आईने आधी इकडेतिकडे पाहिलं. आवाज केला नाही हं मी, तिचे ओठ म्हणाले.

मग ते ओठ पुढे म्हणाले, सहा आठवडे माझ्याकडे पाठ करून उभा राहायचास, बाळा. आरशात तोंड दिसायचं ना.